सांबऱ्याच्या रनवेवर पाणी आहे, ते लिही

पोरी,

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली, रात्री दीडपर्यंत जागून वाचली. 2034 सालचं युद्ध मराठीत लिहायला घेतलंस याचा खूप आनंद झाला, आपल्या भागात असलं कोण लिहितंय सांग बघू.

पण तुझं विमान काहीही करू शकतं गे, आणि तिथंच भीती संपते. मी वीस वर्षं इंजिनाखाली हात काळे केलेत, विमान काय करू शकत नाही हे पायलटला आणि आम्हाला आधी पाठ असतं. आफ्टरबर्नर, म्हणजे जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या भागात आणखी तेल जाळणं, तो लावला की इंजिन कित्येक पट तेल पितं, आणि बिंगो म्हणजे आता वळलास तरच पोचशील एवढंच तेल राहिलं. तुझ्या नायकाचा तेलाचा काटा चार प्रकरणांत एकदाही खाली आला नाही.

दुसरं, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावर फायटर स्क्वॉड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी दाखवलीस ती काढ. इथं एअरमनचं, म्हणजे वायुदलाच्या जवानांचं ट्रेनिंग होतं, गावातलं शेंबडं पोरपण चूक पकडेल. त्यापेक्षा असं कर. नौदलाच्या 26 राफेल मरीनचा, म्हणजे बोटीवरून उडणाऱ्या लढाऊ विमानांचा करार एप्रिल 2025 मध्ये झालाय, म्हणजे तुझ्या काळात ती गोव्यात दाबोळीला असतील असं धरायला हरकत नाही. जुलै महिना, दाबोळीला ढग टेकलेत, उतरता येत नाही. सांबरा सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, सात-आठ मिनिटं, मध्ये चोर्ल्याचा घाट आणि सगळा पाऊस. जीपीएस जॅम. मग उरतं विमानातलं इनर्शियल, म्हणजे विमानाच्या हालचालीवरून जागा मोजणारं यंत्र, तेसुद्धा तासाला दीड-दोन किलोमीटर भरकटतं, आणि खाली डोंगर आहेत.

आता खरी गंमत. सांबरा समुद्रापासून साडेसातशे मीटर उंच, हवा पातळ, म्हणून विमान जमिनीला जास्त वेगानं टेकतं. रनवे सुमारे 2300 मीटर, त्यावर पाणी. वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगायला लागतो, मग ब्रेक दाबून उपयोग नाही. विमानवाहू बोटीवर विमानाचा हूक आडव्या वायरीत अडकतो आणि ते थांबतं, तुझ्या गोष्टीत इथं ती वायर नको. वर तुझ्या नायकाचा बिनपायलटचा जोडीदार, म्हणजे सोबतचं ड्रोन, घिरट्या घालतोय, त्याचंही तेल संपत आलंय, आणि एकच रनवे आहे. आधी कोण उतरणार? हे कुणी ठरवायचं, माणसानं की मशीननं? माझ्या मते तुझी कादंबरी इथं सुरू होते, दिल्लीच्या मीटिंगमध्ये नाही.

खाली उभी असलेली माणसं विसरू नकोस हां. टॉवर इंग्लिशमध्ये बोलेल, क्रॅश टेंडरचा, म्हणजे विमानतळावरच्या आगीच्या गाडीचा ड्रायव्हर कन्नडमध्ये ओरडेल, आणि रेनकोटातला आपल्याकडचा एखादा फिटर मनात मराठीत देवाला हाक मारेल. तो फिटर मला फार हवाय. लँडिंगनंतर ब्रेक आणि चाकं भयंकर तापलेली असू शकतात, त्यांच्या बाजूला उभं राहायचं नसतं, टायर फुटू शकतो, म्हणून तो पुढून किंवा मागून जाईल, बाजूनं नाही. एवढं एक वाक्य लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळेल, हिला माहितीये.

पाचवं प्रकरण पाठव, टाईप केलेलं नसलं तरी चालेल. रविवारी पाऊस असेल तर घरीच ये, चाकाच्या ब्रेकचं चित्र काढून दाखवतो.

काका