वाचक विचारतात : ट्वीटर मुका झाला तर

प्रश्न : आमच्या भजन मंडळाचे दोन बॉक्स आहेत. जाड आवाजाचा १२ इंची वूफर, वर बारीक, तीक्ष्ण आवाजाचा हॉर्नचा ट्वीटर. त्यातल्या एका बॉक्समधून नुसता ढोलकीचा धप्प आवाज येतो. खंजिरीच्या चकत्या ऐकूच येत नाहीत, शब्दही कळत नाहीत. मागच्याच वर्षी ट्वीटरचा डायफ्राम (कॉइल लावलेला पातळ पडदा) बदलला होता. पुन्हा तोच खर्च करायचा का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी तपासा, मग खर्च करा. अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही बॉक्सच्या वायरी आपसात बदला. आता दुसरा बॉक्स मुका झाला तर दोष अॅम्प्लिफायरचा किंवा वायरीचा. तोच राहिला तर तो उघडायचा.

हॉर्नमध्ये टॉर्च मारून पाहा. सभामंडपात पडून राहिलेल्या बॉक्समध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि आवाजाची वाटच बुजते. ड्रायव्हर (हॉर्नमागचा चुंबक-डायफ्रामचा भाग) हॉर्नपासून सुटा करूनच माती काढा, नाहीतर ती डायफ्रामवर पडेल.

आता मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. ट्वीटरची निदान एक वायर काढूनच मोजा. जोडलेली ठेवली तर क्रॉसओव्हरमधली (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधली) कॉइलही मोजली जाते आणि चांगला ट्वीटर शॉर्ट वाटतो. ८ ओहमच्या ट्वीटरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसले की ट्वीटरची कॉइल शाबूत. आकडा न येता नुसता ‘१’ दिसला तर ती तुटली. ट्वीटर पिझोचा असेल तर मात्र हे माप विसरा. त्याला कॉइलच नसते, चांगला असला तरी मीटर काहीच दाखवत नाही.

कॉइल शाबूत निघाली तर खर्च थोडक्यात भागेल. क्रॉसओव्हरवर ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि बऱ्याच बॉक्समध्ये एक छोटा बल्बही. बल्बची तार तुटली की ट्वीटर गप्प. कपॅसिटर मीटरच्या मायक्रोफॅरड रेंजवर मोजा, ४.७ चा २ वर आला असेल तर बदला. नवा घेताना नॉन-पोलर (धन-ऋण टोकं नसलेला), १०० व्होल्टचाच मागा. तो मिळालाच नाही तर १० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर घ्या आणि ऋण टोकाला ऋण टोक जोडून एकामागे एक लावा. मिळून ५ होतात, काम भागतं.

कॉइल तुटली असेल तर ती कुठे तुटली ते भिंगाने पाहा. टर्मिनलजवळची वेणीदार तार तुटली असेल तर डाग देता येतो. वेटोळ्यातच तुटली किंवा काळी पडली असेल तर नाद सोडा. या कॉइल पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यावर साधं सोल्डर धरत नाही. नवा डायफ्राम आणायला आर्वी, वर्धा, नागपूर कुठेही जा, जुना सोबत न्या. ओहम, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि कॉइलचा व्यास, तिन्ही जुळलं पाहिजे. ४४.४ मिलिमीटरच्या जागी ‘चालून जाईल’ म्हणून दिलेली जरा मोठी कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आणि खरखर येते. बसवण्याआधी चिकटपट्टी उलटी दुमडून फटीत फिरवा, लोखंडाचा चुरा तिला चिकटून निघतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

आता वर्षभरातच कॉइल का गेली असेल? बहुधा डिम लाइन. रब्बीत डीपीवर मोटारी सुरू असल्या की संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळतात. साध्या ट्रान्सफॉर्मरवरचा १०० वॅटचा अॅम्प्लिफायर तेव्हा जेमतेम ६० वॅट देतो. आवाज कमी वाटतो म्हणून बटण वाढवलं जातं, लाल दिवा लागतो, आवाज फाटतो. या फाटलेल्या आवाजात तीक्ष्ण स्वरांचा भरणा असतो आणि तो सगळा ट्वीटरच्या केसासारख्या तारेवर येतो. माइकची लांब शिट्टी त्याहून वाईट. ट्रेबल मधोमध ठेवा, लाल दिवा लागला की आवाज उतरवा आणि माइक बॉक्ससमोर नेऊ नका.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, बल्ब काढून तिथे तार जोडू, आवाज खणखणीत येईल. चालेल का?

उत्तर : आवाज येईल, पण जोर जास्त आला की तापून स्वतःचा ओहम वाढवणारा आणि ट्वीटरला वाचवणारा तोच बल्ब आहे. जुन्यावर जितके व्होल्ट-वॅट लिहिलेत तितक्याचाच नवा बसवा. कपॅसिटरच्या जागी तार तर कधीच नको. ढोलकीचा सगळा जोर थेट कॉइलवर जाईल.