वसईवर स्पेनच्या राजाचं राज्य?

प्रश्न : वसईचा किल्ला बघायला गेलो होतो, तिथे कुणीतरी म्हणालं की काही वर्षं इथे स्पेनच्या राजाची सत्ता होती. खरंय का हे? आणि तो दुसरा फिलिप म्हणजे आर्माडावाला हरलेला राजाच ना?
– एक वाचक, वसई

हो, खरंय. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन 1578 मध्ये मोरोक्कोत लढताना मारला गेला, त्याच्यानंतर गादीवर आलेले म्हातारे कार्डिनल 1580 च्या सुरुवातीला गेले आणि वारस कोणीच नाही, तेव्हा फिलिपने हक्क सांगितला, कारण त्याची आई पोर्तुगालची राजकन्या, आणि नुसता हक्क सांगून थांबला नाही, सोबत ड्यूक ऑफ आल्बाची फौज पण पाठवली. त्यामुळे गोवा, चौल, वसई हे सगळं त्याच्या नावावर आलं आणि 1640 पर्यंत त्याच्या घराण्याकडे राहिलं. पण 1581 मध्ये तोमारच्या सभेत त्याने शब्द दिला होता की पोर्तुगालचा आणि पोर्तुगालच्या वसाहतींचा कारभार पोर्तुगीजच बघतील, म्हणून इथल्या लोकांना रोजच्या व्यवहारात फारसा फरक जाणवला नसणार. माझ्या मते पोर्तुगाल मिळवणं हे त्याचं सगळ्यात मोठं यश, लेपांतोपेक्षाही मोठं. 1571 ला लेपांतोला तुर्कांचं आरमार बुडवलं ते व्हेनिस आणि पोपच्या साथीने, सेनापती त्याचा सावत्र भाऊ डॉन हुआन, आणि तीनच वर्षांत तुर्कांनी ट्युनिस परत घेतलं.

आता आर्माडा, म्हणजे इंग्लंडवर चाल करून गेलेलं त्याचं आरमार. 1588, जवळपास 130 जहाजं, आणि प्रमुख कोण तर मेदिना सिदोनियाचा ड्यूक, ज्याने राजाला पत्र लिहून कळवलं होतं की मला समुद्र लागतो, मला यातला अनुभव नाही, दुसरं कुणीतरी बघा. तरी त्यालाच पाठवलं! इंग्रजांच्या तोफा होत्याच, वादळ पण होतं, पण मूळ प्लॅनच कच्चा होता. फ्लँडर्समधली, म्हणजे दक्षिण नेदरलँड्समधली, त्याचा सेनापती पार्माच्या ड्यूकची फौज उथळ पाण्यातून बाहेर निघून आरमाराला गाठणार कशी, डच बोटी तर तिथे टपूनच बसलेल्या, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तरीही या एका पराभवावरून त्याला हरलेला राजा म्हणणं मला पटत नाही, आरमार तर त्याने पुन्हा उभं केलं. त्याला खरा फटका बसला तो नेदरलँड्समध्ये, जिथे त्याच्याच प्रजेने बंड केलं होतं.

प्रश्न : पण फिलिपकडे अमेरिकेतून एवढी चांदी येत होती ना, मग त्याचे पैसे संपले कसे?
– एक वाचक, पुणे

चांदी यायच्या आधीच खर्च झालेली असायची हो. खाणीतल्या चांदीचा साधारण पाचवा हिस्सा राजाचा, तो पुढच्या कित्येक वर्षांसाठी सावकारांकडे गहाण, आणि वडिलांनी, म्हणजे पाचव्या चार्ल्सने, ठेवलेलं कर्ज वेगळंच. 1557, 1560, 1575 आणि 1596, चार वेळा त्याने देणी थांबवली. यातलं 1575 चं नीट बघा. इटलीतल्या जिनोव्हाच्या सावकारांचे पैसे थांबवले, त्यांनी फ्लँडर्सला हुंड्या पाठवणं बंद केलं, सैनिकांचे पगार थकले, ते बिथरले आणि नोव्हेंबर 1576 मध्ये त्यांनी अँटवर्प लुटलं, म्हणजे उत्तर युरोपची सगळ्यात श्रीमंत बाजारपेठ, स्वतःच्याच राजाचं शहर! घरं जाळली, हजारो माणसं मारली. चारच दिवसांत राजाशी एकनिष्ठ असलेले कॅथलिक प्रांतसुद्धा बंडखोरांच्या बाजूने सही करून मोकळे झाले. मला वाटतं तिथेच नेदरलँड्स हातातून गेलं, 1581 ला उत्तरेच्या प्रांतांनी त्याला राजा मानत नाही असं जाहीर केलं ते नंतरचं.

आणि हा माणूस आळशी होता म्हणून हे झालं असं अजिबात नाही. एस्कोरियालच्या त्याच्या महालात तो रात्री उशिरापर्यंत कागद वाचायचा, समासात स्वतःच्या हाताने शेरे लिहायचा, अगदी क्षुल्लक बाबींवरही. बाकी कुणावर विश्वास टाकायचा नाही आणि फ्लँडर्सचं पत्र माद्रिदला पोचायला दोनेक आठवडे तरी लागणार, मग उत्तर जाईपर्यंत तिकडची परिस्थिती पार बदललेली. 1598 ला तो त्याच महालात वारला, मुलाकडे राज्य आलं आणि सोबत नेदरलँड्सचं युद्धही, जे 1648 पर्यंत काही संपलं नाही.