ताप उतरला, तरी थांबायचं नाही

प्रश्न : माझ्या आईची स्तनाच्या कर्करोगासाठी किमोथेरपी चालू आहे. दुसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी रात्री तिला 101.2 ताप आला. पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात उतरला, तीही झोपली. सकाळी दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर रागावले, ‘रात्रीच का नाही आणलंत?’ रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 1,200, न्यूट्रोफिल 30 टक्के होते. आता ती बरी होऊन घरी आली आहे. पण ताप उतरला होता, तर एवढी घाई कशासाठी? आणि इन्फेक्शनच्या भीतीने आम्ही तिची फळं आणि कच्च्या भाज्या बंद केल्या आहेत, ते बरोबर ना?

उत्तर : ताई, आई घरी आल्या हे वाचून फार बरं वाटलं.

आधी तो रिपोर्ट नीट पाहू. 1,200 चे 30 टक्के म्हणजे 360. जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एवढ्याच उरल्या होत्या. हा आकडा 500 च्या खाली गेला की आम्ही डॉक्टर सावध होतो. अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी 1966 साली ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णांचा अभ्यास करून दाखवून दिलं की या पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त. बऱ्याच किमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास काउंट सगळ्यात खाली असतो. तुमचा दहावा दिवस नेमका त्यातच आला.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू मरत नाहीत. एरवी इन्फेक्शन झालं की पू होतो, जागा लाल होते, सुजते, एक्स-रेत डाग दिसतो. हे सगळं घडवून आणतात त्या याच पेशी. त्याच नसतील तर आत रक्तात जंतू वाढत असले तरी बाहेर दिसायला बहुतेक वेळा फक्त ताप उरतो. तो गोळीने झाकला की आपल्या हातातली एकुलती एक खूण जाते. किमोसोबत स्टेरॉइड चालू असेल तर कधीकधी ताप येतही नाही. तेव्हा नुसती हुडहुडी भरली, माणूस गुंगीत गेला किंवा असंबद्ध बोलू लागला, तरी तेवढं कारण निघायला पुरेसं आहे.

पूर्वी डॉक्टरही थांबायचे. ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, जंतू कोणता ते कळलं, की औषध सुरू. त्या दोन-तीन दिवसांत कित्येक रुग्ण हातचे जात. 1971 मध्ये स्टीफन शिम्प्फ आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना ताप येताच, कल्चरची वाट न पाहता, दोन अँटिबायोटिक एकत्र द्यायला सुरुवात केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि उपचारांची दिशाच बदलली. आज जाणकार संस्थांची शिफारस आहे की रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे.

म्हणून एकदा जरी 101 च्या वर ताप दिसला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर फोन करा आणि निघा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. तातडीच्या विभागात पहिलं वाक्य हेच बोला : ‘किमो चालू आहे आणि ताप आलाय.’ रांगेत बसू नका. पोर्ट (औषध द्यायला छातीत त्वचेखाली बसवतात ती डबी) बसवलेला असेल तर तेही सांगा, कारण कल्चरसाठी एकदा पोर्टमधून आणि एकदा हाताच्या शिरेतून असं दोन्हीकडून रक्त घेतात. काउंट कमी असताना गुदद्वारातून ताप मोजू नका, एनिमा देऊ नका. तिथली नाजूक त्वचा खरचटली तरी जंतूंना वाट मिळते.

आता फळांबद्दल. 2008 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र ल्युकेमियाचे 153 रुग्ण होते. एका गटाला फक्त शिजवलेलं अन्न, दुसऱ्याला कच्ची फळं आणि भाज्यासुद्धा. गंभीर इन्फेक्शन आणि मृत्यू, दोन्हींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यामागचं कारणही समजून घ्या. किमोमुळे तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि आपल्याच आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. बरीच इन्फेक्शनं अशी आतूनच होतात. तेव्हा ‘आपणच काहीतरी बाहेरून आणलं’ हा सल मनातून काढून टाका. फळं स्वच्छ धुऊन, हात धुऊन द्या. अर्धकच्ची अंडी, कच्चं मांस आणि न तापवलेलं दूध मात्र टाळा. तोंडाला चव नसलेल्या बाईच्या समोरून तिला आवडणारं फळ उचलून नेलेलं मला बघवत नाही.

प्रश्न : वडिलांना ल्युकेमिया आहे. किमोनंतर आलेला ताप उतरून तीन दिवस झाले, पण पेशी अजून वाढलेल्या नाहीत. डॉक्टरांनी एका अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारलं आहे. एका गटाचं अँटिबायोटिक आता थांबवणार, दुसऱ्या गटाचं पेशी वाढेपर्यंत चालू ठेवणार. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार. हा जिवाशी खेळ नाही का? मी नाही म्हणून सांगू का?

उत्तर : तुमची धास्ती समजते. पण हा प्रश्न हवेतून आलेला नाही. स्पेनमध्ये 157 रुग्णांवर असाच अभ्यास झाला, 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 72 तास ताप नाही आणि प्रकृती सावरली आहे अशा रुग्णांचं अँटिबायोटिक, पेशी वाढायची वाट न पाहता, थांबवलं. त्या गटात औषधाचे दिवस कमी झाले, तापाचे दिवस वाढले नाहीत, मृत्यूही वाढले नाहीत. अँटिबायोटिक विनाकारण लांबलं तर आतड्यातले उपकारक जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे जंतू आणि बुरशी फोफावतात. याची झळ पुढच्या किमोच्या वेळी बसते.

गट संगणकाने का ठरवायचा? डॉक्टरांनी ठरवला तर जास्त आजारी माणसाला ते साहजिकच ‘चालू ठेवा’ गटात टाकतील, आणि मग तुलनाच खोटी पडेल.

सही करण्याआधी विचारा : थांबवल्यावर पुन्हा ताप आला तर किती वेळात औषध सुरू होईल? रात्री कोणाला फोन करायचा? अभ्यासामुळे इजा झाली तर खर्च कोणाचा? नीतिविषयक समितीची मंजुरी आहे का? मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहेच, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

एक गोष्ट मला खटकली. तुमच्या पत्रात वडिलांना काय वाटतं याबद्दल एक ओळही नाही. ते शुद्धीवर आहेत, बोलत आहेत. हो किंवा नाही त्यांनी म्हणायचं आहे. माहितीपत्रक आज त्यांच्या हातात द्या, शेजारी बसून वाचा, काय अडतंय ते त्यांनाच विचारू द्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी सांगितली आहे. त्यांना कधी कावीळ झालेली नाही. मग कशाला?

उत्तर : जरूर करा. हा विषाणू कावीळ न होताही शरीरात येऊन यकृतात वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. रिटुक्सिमॅब हे औषध रक्तातल्या बी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, नष्ट करतं, पहारा उठतो आणि तो उसळतो. यकृत निकामी होऊन काही रुग्णांचा मृत्यू झाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये याबाबतचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. एचबीएसएजी (विषाणू आता शरीरात आहे का) आणि अँटी-एचबीसी (तो पूर्वी कधी येऊन गेला का), रक्ताच्या या दोन्ही तपासण्या हव्यात, नुसती पहिली पुरत नाही. काही निघालंच तर कर्करोगाचे उपचार सहसा अडत नाहीत. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या विषाणूला दाबणाऱ्या औषधाची गोळी जोडीला देतात. ती रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसानंतरही किमान वर्षभर घ्यायची असते, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करायची.