अरिसाका: कापावी की जपावी?

या वेळच्या टपालात अरिसाकांविषयी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी रायफलींविषयी, एकाहून एक पत्रं आली. प्रश्न निरनिराळे असले तरी गाडी फिरून एकाच ठिकाणी येते: जुनी रायफल कापून-छाटून वापरायची करावी, की आहे तशी ठेवावी? म्हणून हे सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न: आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४ साली मणिपूर आघाडीवर. तिथली एक जपानी रायफल घरात आहे. परवान्यावर नोंद आहे, आता वडिलांच्या नावे. वर चिनी वाटावीत अशी अक्षरं आणि एक फूल कोरलेलं आहे. मामा म्हणतात, नळी आणि दस्ता कापून, दुर्बीण बसवून हलकी शिकारी रायफल करून घ्या, एरवी हे धूड कोण उचलणार? काय करावं? (एक वाचक, दादर)

उत्तर: कापू नका. पण आधी हातात काय आहे ते ओळखा. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) आणि मॅगझिनमध्ये बोट घालून रिकामी असल्याची खात्री करा. नुसतं डोकावून भागत नाही. मग नळीचं मूळ ज्यात बसतं त्या रिसिव्हरचा माथा उजेडात धरा. फुलाखाली तीन अक्षरं उभी असतील. पहिलं अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि दुसरं म्हणजे छपराच्या उतारासारख्या दोन तिरक्या रेघा असं असेल, तर ती ‘सान-हाचि-शिकि’, म्हणजे टाइप ३८. सम्राट मेइजींच्या कारकिर्दीच्या ३८व्या वर्षी, १९०५ साली, ती स्वीकारली गेली. पहिली दोन अक्षरं हुबेहूब एकसारखी असतील तर ती टाइप ९९. जपानी शाही सन २५९९ म्हणजे १९३९, त्यातले शेवटचे दोन आकडे नावात आले. अक्षरं झिजली असतील तर त्याच माथ्यावर वायू बाहेर पडण्याची भोकं मोजा. टाइप ३८ ला दोन असतात, टाइप ९९ ला एक.

आता नळी मोजा. बोल्ट बंद करून तोंडातून लाकडी काठी हलकेच आत सोडा, बोल्टला टेकली की तोंडापाशी खूण करा आणि काठी मोजपट्टीवर धरा. टाइप ३८ ची पूर्ण नळी ७९७ मिलिमीटर, तिच्याच कार्बाइनची (आखूड रूपाची) ४८७. टाइप ९९ ची नेहमीची आखूड रायफल ६५७. माप यांपैकी कशाशीही जुळत नसेल, तर बहुधा कुणीतरी आधीच हात चालवला आहे.

मामांचा सल्ला आला कुठून, तेही सांगायला हवं. १९४५ नंतर अमेरिकी सैनिकांनी या रायफली आठवण म्हणून ढिगाने घरी नेल्या. तिकडे ६.५ किंवा ७.७ मिलिमीटरची जपानी काडतुसं सहज मिळत नव्हती, रायफल मात्र जवळपास फुकट. तेव्हा लोकांनी पुढचं लाकूड छाटलं, नळी आखूड केली, बोल्टची दांडी वाकवली, दुर्बीण चढवली आणि हरणाच्या शिकारीला निघाले. रिसिव्हर होताही तसाच भक्कम. पी. ओ. ॲकली या अमेरिकी गनस्मिथने निरनिराळ्या लष्करी रायफली वाढत्या दाबाची काडतुसं झाडून मुद्दाम फोडून पाहिल्या, त्यात टाइप ३८ सर्वांत चिवट निघाली. त्या काळात, त्या देशात हे उद्योग समजण्यासारखे होते.

आपल्याकडे मात्र त्यातलं एकही कारण उरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, शिकारीवर बंदी, मग शिकारी रायफल कशासाठी? शिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. आणि कापलेलं परत येत नाही. तुमच्या रायफलीची किंमत त्या फुलात, न छाटलेल्या लाकडात आणि आजोबांच्या नोंदीत आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीने ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. आजोबा कोणत्या बटालियनमध्ये होते, हे त्यांच्या सेवापुस्तिकेवरून पाहा. ते, आणि रायफल घरात कशी आली हे, वडिलांकडून आजच लिहून घ्या, खाली त्यांची सही आणि तारीख घ्या. तो कागद रायफलीइतकाच मोलाचा आहे.

प्रश्न: माझ्याकडच्या टाइप ३८ चा दस्ता मागे खालच्या बाजूने जोडलेला दिसतो, लाकडात सरळ सांध आहे. कुणीतरी तुटलेला चिकटवला असावा. शिवाय रंग लालसर-तपकिरी आणि काही ठिकाणी टवके गेलेले. सगळं घासून जवसाचं तेल द्यायचं मनात आहे. (मुलुंड)

उत्तर: सांध कारखान्यातलीच आहे. दस्त्याचा खालचा भाग जपान्यांनी मुद्दाम वेगळ्या तुकड्याचा करून खाचेत बसवला. त्यात लाकूड वाचतं, आणि रेषा आडवी गेल्याने जिथे दस्ता चिरतो त्या टोकाला बळकटी येते. सांध जरा उघडी दिसली तरी तिच्यात फेव्हिकॉल भरू नका.

घासायचं तर नावच काढू नका. वरचा लालसर थर म्हणजे उरुशी, जपानी लाखेच्या झाडाचा चीक. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागून उतलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको: पॉलिशपेपरने उडालेल्या भुकटीनेसुद्धा काहींच्या अंगावर पुरळ उठतं. दुसरं, उरुशी गेली की दस्त्यावरचे शिक्के आणि लाकडाच्या धारा तिच्याबरोबर जातात. मग उरतो तो गुळगुळीत, गोलसर कडांचा दस्ता, आणि जाणकार तो दहा पावलांवरून ओळखतो. मलमलीचं कापड किंचित ओलं करून पुसा, लगेच कोरड्याने टिपा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. टवके तसेच राहू द्या.

प्रश्न: मी रेंजवर नेमबाजी करतो. एका परवानाधारकाकडे टाइप ९९ वरून केलेली ‘स्पोर्टर’ (छाटून शिकारी घडणीची केलेली रायफल) आहे, नळी ५६० मिलिमीटरला कापलेली, चेंबर ३०-०६ काडतुसासाठी वाढवलेलं. मूळची राहिलेलीच नाही, तेव्हा संग्रहाचा प्रश्न नाही. घ्यावी का? (बोरिवली)

उत्तर: तुमचा विचार बरोबर आहे. जी एकदा कापली गेली ती वापरासाठी राहावी, म्हणजे अखंड असलेल्यांवर कुणी करवत चालवणार नाही. पण ३०-०६ चं रूपांतर हे या रायफलींतलं सगळ्यांत फसवं काम, त्यामुळे एकही बार काढण्याआधी पुढच्या गोष्टी जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या.

पहिली अडचण नळीच्या मापाची. ७.७ च्या जपानी गोळीचा व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर, ३०-०६ ची गोळी ७.८२. म्हणजे नळी तीच ठेवून नुसतं चेंबर वाढवलं असेल तर गोळी आट्यांत (नळीच्या आतल्या वळणदार खाचांत) घट्ट बसत नाही. रायफल फुटणार नाही, पण १०० मीटरवर गोळ्या विखुरतील, आणि दोष तुम्ही स्वतःच्या श्वासाला देत बसाल. नळी बदलून ३०-०६ चीच बसवली असेल तर हा प्रश्न मिटतो. नळीवर काय कोरलंय त्यावर विसंबू नका, तोंडापाशी आट्यांचं माप घ्या.

दुसरी अडचण बुडाची. ७.७ ची काडतुसाची टोपी (दारू भरलेली पितळी नळकांडी) ५८ मिलिमीटर लांब, ३०-०६ ची ६३. रीमर (चेंबर कापणारं हत्यार) पुढचा खांदा नव्याने कापतो, पण मागचा भाग जपानी मापाचाच राहतो आणि तो किंचित रुंद असतो. झाडलेल्या टोपीला बुडाच्या वर पोट आलेलं दिसतं ते यामुळे. एकदाच वापरायची नवी टोपी हे सोसते. पुन्हा भरून वापरणाऱ्याची टोपी मात्र तिथेच चिरते. चेंबर नेमकं कसं आहे हे पाहायचं तर त्यात सेरोसेफ ओतून साचा काढतात. हा मिश्रधातू ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, थिजताना आकसतो आणि तासाभराने चेंबरच्या मूळ मापावर येतो. म्हणून साचा बाहेर काढल्या-काढल्या घेतलेली मापं फसवतात. घड्याळ लावून मोजायला सांगा. हेडस्पेसचे (बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतच्या अंतराचे) गेज लावायचेच, ते वेगळं.

तिसरं मॅगझिन. ७.७ चं पूर्ण काडतूस ८० मिलिमीटरच्या आसपास, ३०-०६ चं ८५ च्या. त्यासाठी मॅगझिनची पेटी लांबवतात आणि रिसिव्हरच्या पुढच्या कड्यात खाच घेतात. खाच हाताने, कानशीने घेतल्यासारखी वेडीवाकडी असेल तर उरलेलं कामही त्याच हाताने झालंय असं समजा.

आता बोल्ट. दुर्बिणीला अडू नये म्हणून दांडी तापवून वाकवतात. बोल्टचे पुढचे लग (रिसिव्हरमध्ये अडकणारे दाते) आणि मागचा कॅम (बोल्ट फिरवताना घासणारा उतार) हे कडक केलेले भाग. ओली फडकी किंवा उष्णता शोषणारी पेस्ट न लावता तापवलं तर उष्णता तिथवर पोहोचते, कडकपणा उतरतो आणि कॅम झिजून बोल्ट उचलायला जड जातो. दांडीच्या मुळाशी निळसर-जांभळी झाक पुढे लगांपर्यंत गेली असेल तर सौदा तिथेच थांबवा. दुर्बिणीच्या स्क्रूंची भोकंही पाहा. रिसिव्हरचं पोलाद इतकं कडक की टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) आत तुटतो, मग तुटका तुकडा काढताना भोक मोठं होतं आणि स्क्रू एपॉक्सीत बसवला जातो. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या टाइप ९९ च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो. कापलेल्या तोंडापाशी त्याचे कपचे उडालेले असतील तर नेम कधीच लागणार नाही. तोंड नव्याने घासून क्राउन (तोंडाची नीट गोल कड) काढून घ्यावं लागेल.

एक इशारा, आणि याला अपवाद नाही. जपानी शाळांत कवायतीसाठी याच घडणीच्या रायफली दिल्या जात, त्यांतल्या कित्येकांचा रिसिव्हर ओतीव, नळीत आटे नाहीत, फक्त आवाजाच्या काडतुसासाठी केलेल्या. खऱ्या रायफलीत रिसिव्हरच्या मागची शेपटी वेगळा तुकडा असते, कवायतीच्या बहुतेक रायफलींत ती रिसिव्हरबरोबर एकसंध ओतलेली. अशीत खरं काडतूस घातलं तर ती तोंडावर फुटते.

परवान्यावर काडतुसाचा बोअर लिहिलेला असतो. रूपांतर केलेला बोअर आणि कागदावरचा बोअर जुळतोय हे पैसे देण्याआधी पाहा.

प्रश्न: फूल घासून टाकलेल्या रायफलीवर ते पुन्हा कोरून घ्यावं का? (गिरगाव)

उत्तर: नाही. सोळा पाकळ्यांची शेवंती हे सम्राटाचं चिन्ह. शरणागतीच्या वेळी शस्त्रं हवाली करण्याआधी ते अनेक रायफलींवर घासलं गेलं. ते घासणं हा त्या रायफलीचा इतिहासच आहे. नव्याने कोरलेलं फूल भिंगाखाली लगेच कळतं, कारण आजूबाजूचं पोलाद खोलगट झालेलं असतं. आकड्यांकडे बघा, ते जास्त सांगतात. रिसिव्हरच्या डाव्या अंगाला अनुक्रमांक, पुष्कळांवर आकड्यांच्या आधी वर्तुळात एक काताकाना (जपानी लिपीतलं) अक्षर म्हणजे मालिकेची खूण, आकड्यांनंतर शस्त्रागाराची खूण. बोल्टच्या भागांवर काही शस्त्रागारांनी अनुक्रमांकाचे शेवटचे तीन आकडे मारले, काहींनी जुळणीचा वेगळा क्रमांक. सगळे भाग आपसांत जुळले तर उत्तम. बोल्टवरची पत्र्याची धूळझाकणं बहुतेक हरवलेली असतात. तुमच्याकडे असेल तर ते काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका.

प्रश्न: समुद्रासमोर राहतो. पावसाळ्यात दर आठवड्याला पुसूनही तांबूस डाग येतात. (वरळी)

उत्तर: डाग पुसण्याने येत नाहीत, कपाटाने येतात. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलं असेल तर ओल थेट आत येते. ते आतल्या भिंतीशी, चार बोटं अंतर सोडून ठेवा. कॅनव्हासची किंवा चामड्याची पिशवी काढून टाका. ती दमट हवा धरून ठेवते, आणि चामड्यातलं टॅनिन पोलाद खातं. संगीन असेल तर तीही म्यानाबाहेर. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, उगाच भरू नका. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल कधीच नको, काही महिन्यांत चिकट होतं आणि बोल्ट जाम करतं. शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं, पण खाऱ्या हवेत ते फार दिवस टिकत नाही. पोलादावरही मेणाचा थर द्या आणि नंतर सुती हातमोज्यांशिवाय हात लावू नका, कारण तुम्ही म्हणता ते तांबूस डाग बोटांच्या आकाराचे असतील तर ते घामाच्या मिठाचे आहेत.

नळीच्या आत गंज वाटला तर आधी गरम पाण्याने धुवा. युद्धकाळच्या काडतुसांच्या टिकलीतून मागे क्षार राहतात, ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. धुतल्यावर कोरडी चिंधी फिरवा, ती कोरडीच बाहेर येईपर्यंत, मग तेल.

प्रश्न: गावच्या घरात ट्रंकेत अशी एक रायफल सापडली. कागद नाहीत. मुंबईला आणून आतून बंद करून भिंतीवर लावली तर चालेल? (लालबाग)

उत्तर: जिथे आहे तिथेच राहू द्या, प्रवासात नेऊ नका, आणि नळीत शिसं ओतणं किंवा पिन वेल्डिंग करणं असले घरगुती उपाय करू नका. विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे आणि ‘सापडली’ हे उत्तर जितकं लवकर द्याल तितकं बरं. कलम २१ मध्ये वारसांनी शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय आहे. आधी वकिलामार्फत गावच्या ठाण्याला लेखी कळवा, शस्त्र त्यांच्या सांगण्याप्रमाणेच द्या, अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. मुंबईत तो पोलीस आयुक्तालयाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा घरात आधीच दोन असतील तर अर्ज कोणाच्या नावे करायचा ते भावंडांत आधी ठरवा. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. पण तुमची रायफल त्यात बसते का हे तुम्ही ठरवायचं नाही, अधिकाऱ्यांनी ठरवायचं. जमा करताना दोन्ही बाजूंचे, रिसिव्हरच्या माथ्याचे आणि अनुक्रमांकाचे फोटो काढून ठेवा, आणि दस्ता कुठे उभा ठेवला जाईल हे विचारून घ्या, कारण ओलसर फरशीवर ठेवला तर दस्त्याची ती जोडलेली सांध सगळ्यांत आधी सुटते.