टिकलीची आठची गोळी

प्रिय ताई,

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मी शाळेत शिकवते, ह्यांचं ऑफिस, मुलगी नववीत, सासूबाई दिवसभर घरी. मुलीला दोन वर्षांपासून कुत्रा हवाय. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंकडे टिकली भेटली. दीड वर्षाची, देशी, कपाळावर पांढरा ठिपका. रिंग रोडच्या कडेला सापडली, तेव्हापासून त्याच सांभाळताहेत. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात ती आली आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपून गेली. मग कळलं की तिला फिट येतात. दोन औषधं चालू आहेत, गेल्या चार महिन्यांत एकदाच आली. हे म्हणतात, घ्यायचाच तर धडधाकट घेऊ, जाणूनबुजून दुखणं कशाला घरात आणायचं? आईंच्या धाकट्या भावाला आकडी यायची. टिकलीचं ऐकल्यापासून त्या गप्पच झाल्यात. मुलीने रडून डोळे सुजवलेत. मला टिकली सोडवत नाही, पण माझ्या आणि पोरीच्या हौसेपायी बाकीच्यांना बांधून तर घालत नाही ना?

— लोकमान्यनगरची वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमच्या ह्यांची बाजू घेते. त्यांचा प्रश्न कठोर नाही, रास्त आहे. दयेपोटी घरी आणलेला कुत्रा दोन महिन्यांत परत पाठवलेला मी पाहिलाय. रिक्षात बसेपर्यंत तो शेपटी हलवत होता. म्हणून ‘बिचारी’ एवढ्याच कारणासाठी टिकलीला आणू नका.

पण दुखणं किती मोठं आहे, ते नीट बघू या. इतर कुठलं कारण न सापडता येणाऱ्या फिट बहुतेक कुत्र्यांना सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतात. म्हणजे टिकलीचं वय त्यात बसतं. औषध लागू पडलं की अशी कुत्री धावतात, खेळतात, म्हातारी होतात. काहींच्या फिट मात्र दोन-दोन औषधं देऊनही आटोक्यात येत नाहीत, हेही खरं. टिकलीला चार महिन्यांत एकच आली, ही चांगली खूण आहे. त्या बाईंना विचारा: पहिली फिट कितव्या महिन्यात आली? लहानपणी डिस्टेंपर झाला होता का? तो आजार मेंदूत शिरला तर पुढेही झटके येतात आणि मग गोष्ट वेगळी होते. औषधांची नावं, मात्रा, तिचं वजन आणि रक्ताचा शेवटचा रिपोर्ट मागून घ्या. हे सगळं घेऊन तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, मगच हो म्हणा.

खरी परीक्षा घड्याळाची आहे. फिटची मुख्य गोळी बहुधा फेनोबार्बिटोन असते आणि ती बारा-बारा तासांनी द्यावी लागते. सकाळी आठ, रात्री आठ. रविवारीही, पाहुणे आले तरीही, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशीही. मनाने कमी करायची नाही, अचानक थांबवायची तर मुळीच नाही.

हे मी भोगून सांगतेय. आमचा मोती अकरा वर्षं आमच्याकडे होता, त्यातली आठ गोळीवर. भाचीच्या लग्नाला त्याला घेऊन देवासला गेलो आणि डबी घरी फ्रिजवर राहिली. एका दिवसाने काय होतंय, असं मीच म्हणाले. रात्रीची चुकली, सकाळची चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तीन फिट आल्या. तिसरीनंतर उठला तो भिंतीला खांदा घासत गोल गोल चालत राहिला. पाण्याच्या भांड्यात पाय घातला, खाटेच्या पायावर आपटला, आणि मी हाक मारली तर माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. अर्ध्या तासाने मला ओळखलं. त्यानंतर माझ्या पर्समध्ये चार गोळ्यांची पुडी कायम असायची. मोती गेल्यावरही कितीतरी महिने मी ती काढली नव्हती.

म्हणून ह्यांना विचारायचं ते एवढंच: आठची गोळी कोण देणार? मुलगी नववीत आहे, तीन-चार वर्षांत कॉलेजला जाईल. टिकली तेव्हा जेमतेम पाच वर्षांची असेल. कुत्रा मुलीचा म्हणून आणला तरी तो तुमचाच होणार आहे. तुम्हाला ते चालणार असेल तर पुढे जा.

आता आई. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा मला हाच वाटतो. तुम्ही शाळेत, हे ऑफिसात, म्हणजे दिवसा फिट आली तर ती त्यांच्याच समोर येणार. आकडी आली की पूर्वी काय करायचे ठाऊक आहे ना? चप्पल हुंगवायची, कांदा नाकाशी धरायचा, दातांत चमचा कोंबायचा, आणि घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. घरातल्या लहान मुलीला कुणी काही समजावून सांगत नसे. त्यांचं गप्प बसणं म्हणजे हट्ट असेल असं मला वाटत नाही. जवळ बसा आणि भावाबद्दल विचारा. टिकलीचा विषय त्या दिवशी काढूच नका.

नंतर केव्हातरी त्यांना सांगा की फिट आली तर आपल्या हातून फार थोडं करायचं असतं. कुत्री आडवी पडते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, तोंडाला फेस येतो, लघवी होते. बघवत नाही, पण तिला त्या वेळी शुद्ध नसते. जवळची खुर्ची सरकवायची, दिवा मालवायचा, पंखा लावायचा, कारण अंग तापतं आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तोंडात हात घालायचा नाही, पाणीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, चावा मात्र बसतो. आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एका दिवसात दुसरी आली, तर ताबडतोब डॉक्टर. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठ्या तपासण्यांसाठी ते लक्षात ठेवा. पण रात्री दोन वाजता महू गाठणं सोपं नाही. तेव्हा रात्री उघडणारा जवळचा दवाखाना आधीच शोधून ठेवा आणि घरी ठेवायचं तातडीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हे सगळं ऐकूनही आई नको म्हणाल्या, तर आणू नका. मुलीला वाईट वाटेल, तुम्हालाही. पण ज्या घरात एक माणूस दिवसभर धास्तावून बसलंय, तिथे टिकलीलाही थारा मिळणार नाही.

त्या हो म्हणाल्या, तर इंदूरच्या घरासाठी म्हणून एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही: शेव. टिकलीच्या दोन औषधांतलं दुसरं पोटॅशियम ब्रोमाइड असेल, तर मीठ तिचं वैरी आहे. खाण्यातलं मीठ वाढलं की ते औषध लघवीवाटे लवकर निघून जातं, रक्तातलं प्रमाण घसरतं आणि थांबलेल्या फिट परत येतात. त्यात लसूण शेव कुत्र्यांना एरवीही बाधते. या गोळ्यांनी भूक आणि तहान दोन्ही वाढतात. टिकली सकाळच्या पोह्यांच्या बशीपाशी येऊन बसेल, डोळ्यांत प्राण आणून बघेल, आणि घरातल्या कुणाचा तरी हात डब्यात जाईल. जाऊ देऊ नका. जेवण रोज एकसारखं ठेवा. औषध नवं सुरू केलं किंवा मात्रा वाढवली की कुत्री सुस्त वाटते, चालताना झोकांड्या खाते, ते सहसा दोन-तीन आठवड्यांत निवळतं. गोळी महाग नसते, रक्ताच्या तपासण्यांना मात्र पैसे लागतात. साधारण सहा महिन्यांनी यकृत आणि औषधाचं प्रमाण तपासावं लागतं, तो खर्च आत्ताच धरून चाला.

देवघरातला कापूर उंचावर ठेवा. तो पोटात गेला तर धडधाकट कुत्र्यालाही झटके येतात. गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. त्यांतल्या एका गटाने काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. डॉक्टरांना फिटचं सांगूनच गोचिडांचं औषध घ्या. दिवाळीत आतली खोली, बंद खिडक्या, आणि कुणीतरी सोबत.

त्या बाईंना विचारून बघा, महिनाभर टिकलीला घरी ठेवून मग पक्कं ठरवलं तर चालेल का? चांगली सांभाळणारी माणसं याला नाही म्हणत नाहीत. त्या महिन्यात रात्रीची गोळी ह्यांनी द्यावी, रोज, स्वतःच्या हाताने. पोळीच्या तुकड्यात गुंडाळली की घेतात. मोती माझ्या बोटांना लागलेलं पीठसुद्धा चाटून घ्यायचा.

आणि रविवारी तिला बघायला जाल तेव्हा आईंनाही घेऊन जा. कुणी काही बोलू नका. टिकलीला खोलीत मोकळी सोडा आणि ती कुणाच्या पायाशी जाऊन बसते ते बघा.

— तुमची ताई