पहिल्या रांगेतली खुर्ची

«ताई, सलाम. माझे वय २९ आहे. आईवडील मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. माझा जन्म मात्र इंग्लंडमधला. गेल्या जूनपासून मी दोन वर्षांच्या करारावर पुण्यातील एका कंपनीत काम करते. पासपोर्ट ब्रिटिश आहे, सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, आहे. येथे ओळखीचे कोणी नसल्यामुळे आईने सांगितले, की दर रविवारी मराठी उपासनेला जात जा, आपली माणसे भेटतील. मी गेले. पहिल्याच रविवारी मला मधल्या बाकावरून उठवून पुढे, पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पत्नीशेजारी, खुर्चीवर बसवले आणि शाल दिली. दुसऱ्या रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सर्वांसमोर सांगायला, सांगितले. ती मी कशीबशी टाळली. आता तरुण संघापुढे बोलण्याचा आग्रह चालू आहे, आणि कमिटीतील एक काका सभागृहाच्या छपराच्या पत्र्यांसाठी ‘तिकडून काही होईल का’ असे विचारत आहेत. कोणाची, कुठल्या गावची, लग्न का नाही, हे प्रश्न दर वेळी असतातच. उपासना वेळेवर सुरू होत नाही आणि अडीच तास चालते. मध्यंतरी मी कॅम्पातील सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) इंग्रजी उपासनेला जाऊन आले, एकदा मैत्रिणीबरोबर कॅथलिक मिस्सालाही गेले. तिथे कोणी काही विचारले नाही आणि बरे वाटले. आईला हे कळल्यापासून ती फोनवर रडते. मराठी मंडळी, म्हणजे हे चर्च, सोडली तर मी कृतघ्न ठरेन का? आणि न सोडता हे सगळे थांबवता येईल का? – पाहुणी, पुणे»

प्रिय पाहुणी,

सही म्हणून तुम्ही हा शब्द निवडला आणि तुमची निम्मी तक्रार त्यातच येऊन गेली. आधी उत्तर देते, कारणे मागाहून सांगते. मंडळी सोडल्यास तुम्ही कृतघ्न ठरणार नाही. परंतु माझ्या मते ती इतक्यात सोडू नये. शाल, साक्ष, पत्रे हे सगळे थांबवता येते, मात्र ते रविवारी गैरहजर राहून थांबत नाही. त्यासाठी आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन, समोर बसून आणि मराठीत बोलावे लागेल.

मी नगर जिल्ह्यातील एका मिशन कंपाउंडमध्ये वाढले. आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) खाली सतरंजी असे, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, चपला दाराबाहेर. आणि कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची कायम ठेवलेली असे, जी परदेशी पाहुणा आला की माझे वडील धोतराच्या सोग्याने पुसून पुढे नेऊन ठेवत. मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी परिचारिकाबाई नव्याने आल्या, तेव्हा पहिल्या रविवारी त्या निमूटपणे तीवर बसल्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी वडिलांना हात जोडले आणि सरळ सतरंजीवर बसल्या. पण मांडी घालता येईना, म्हणून टेकायला भिंत शोधू लागल्या आणि नेमक्या पुरुषांच्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकल्या. मंडळी गीत सोडून हसू लागली. माझ्या आजीने ‘बाई, इकडे या’ म्हणत त्यांना हाताला धरून आणले आणि बायकांच्या बाजूची, आपल्या नेहमीच्या भिंतीची जागा दिली. पुढे बदली होईपर्यंत त्या तिथेच बसत. खुर्चीवर गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा राहू लागला.

ही खुर्ची मुळात आली कुठून, हे लक्षात घेतले तर काकांवरचा राग थोडा उतरेल. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे देवळात दिसणारा परदेशी मनुष्य म्हणजे शाळा चालवणारा, दवाखाना बांधणारा, दुष्काळात धान्य देणारा आणि पाळकाच्या पगाराची तजवीज करणारा मनुष्य, अशीच गाठ लोकांच्या मनात बसली. ती काहींना तेव्हाही टोचत होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि स्वतःच्या वाटेने ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातील त्यांची पदे तुम्ही येथे गात असाल, ज्या माणसाने परदेशी चाली आणि परदेशी पैसा या दोन्हींशिवाय मराठी मंडळीने उभे राहावे असा ध्यास घेतला, त्याची ती पदे आहेत. तुमची साक्ष मागणाऱ्यांना आणि पत्रे मागणाऱ्या काकांना तुम्ही नगरच्या माणसांची लेक आहात हे ठाऊक आहे, तरीही तुमचा पासपोर्ट तुम्हाला त्या जुन्या खुर्चीवर नेऊन बसवतो. त्यात लोभ थोडा आणि सवय फार आहे.

आता नकाराच्या कारणांकडे येते. सुदैवाने तुमच्याकडे दोन कारणे अशी आहेत, की ती सांगितल्यावर कोणाचाही मान दुखावत नाही, आणि दोन्ही खरी आहेत.

साक्षीबद्दल. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ आहे, केवळ नागरिकांना नव्हे. त्यामुळे उपासनेला जाणे, गाणे, प्रार्थना करणे, प्रवचन ऐकणे यांत तुम्हाला कोणतीही अडचण नाही आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. परंतु गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला मिशनरी कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि परदेशी नागरिकांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धर्मस्थळी भाषण करणे, धर्मप्रसाराची पत्रके वाटणे या गोष्टींना मनाई आहे. आपली साक्ष म्हणजे प्रचार नव्हे, ती फक्त स्वतःची हकिकत आहे, असे पाळकसाहेब म्हणतील, आणि श्रद्धेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण हल्ली पुढच्या बाकावर कोणीतरी मोबाइल उंच धरून बसलेले असते, आणि ‘परदेशातून आलेल्या भगिनीची प्रभावी साक्ष’ अशा मथळ्याखाली ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत चार व्हॉट्सॲप गटांत जाते. ती कोणाच्या हाती पडेल आणि तो तिचा काय अर्थ लावेल, हे तुमच्या हातात राहत नाही. तुमची दोन वर्षांची नोकरी आणि त्याहूनही त्या मंडळीची शांतता यासाठी पणाला लावू नये. तरुण संघापुढच्या भाषणाचेही हेच उत्तर. मुलांना इंग्लंडमधील शिक्षणाबद्दल विचारायचे असेल, तर उपासनेनंतर चहा घेताना खुशाल बोला.

पत्र्यांबद्दल. येथे तर कायदा अधिक स्पष्ट आहे. परदेशी योगदान विनियमन कायदा, २०१०, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, त्याच्या दृष्टीने ओसीआय कार्डधारक ही परदेशी नागरिकच असते, मग ती मराठी बोलो की तिचे आजोबा नगरचे असोत. चलन कोणते हेही तो कायदा पाहत नाही. तुमच्या पुण्यातील पगारातून रुपयांत दिलेले दानसुद्धा परदेशी योगदान ठरते, आणि ते घेण्यासाठी संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा करावा लागतो. म्हणून काकांना एवढेच विचारा: ‘काका, आपल्या मंडळीचे एफसीआरए आहे का? माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, नसेल तर तुमच्यावरच बालंट येईल.’ चर्चच्या कोणत्याही कमिटीत या चार अक्षरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दानाच्या पिशवीत काही टाकण्यापूर्वीही खजिनदारांशी हेच बोलून घ्या, कारण रक्कम लहान आहे म्हणून कायदा वेगळा होत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कायद्याचे कारण सांगून झाल्यावर तिथेच थांबू नका, नाहीतर ‘नियम नसता तर हिने दिले असते’ असा समज राहील आणि पुढच्या वर्षी कोणीतरी वाट काढून आणेल. पाळकसाहेबांना हेही सांगा, की मला येथे दाता किंवा वक्ता म्हणून यायचे नाही, मला बाकावर जागा हवी आहे. आणि त्याच दमात एखादे काम मागून घ्या. उपासनेनंतर कप विसळणे, गीतांची पुस्तके गोळा करणे, नाताळात तारा लावणे, आवाज बरा असल्यास गायकवृंदात मागच्या ओळीत उभे राहणे. आमच्या मंडळ्यांमध्ये ज्याच्या हातात झाडू किंवा किटली असते, त्याला शाल देण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

प्रश्नांचे म्हणाल, तर त्यांतील लग्नाचा प्रश्न हसून सोडून द्यावा; तो पुण्यात कोणत्याही धर्माच्या मावश्या विचारतात. ‘कोणाच्या, कुठल्या गावच्या’ हा प्रश्न दोन प्रकारचा असतो. बहुतेकांना खरोखरच नाते जुळवायचे असते. नगर, राहुरी, श्रीरामपूर, जालना या पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की तिसऱ्या वाक्यात तुमच्या मामांच्या वर्गमित्राचा पत्ता लागतो, आणि तुमच्या आईला तेच तर हवे होते. पण काही वेळा आडनाव आणि गाव विचारण्यामागे पूर्वजांची जात काढण्याचा हेतू असतो; बाप्तिस्म्याच्या पाण्याने तेवढे धुतले गेलेले नाही, हे आमचे लाजिरवाणे सत्य आहे. तसा वास आला तर आईच्या मंडळीचे नाव सांगा आणि पुढच्या प्रश्नाला गप्प बसा. ते गप्प बसणे विचारणाऱ्याला बरोबर कळते.

तुमच्याही पदरात थोडे माप घालते. उपासना उशिरा सुरू होते आणि अडीच तास चालते, हे तुम्ही ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्याचा आहे. त्या बाकांवरील कितीतरी माणसे दोन बस बदलून येतात, सहा दिवस कोणाच्या तरी हाताखाली घालवतात, आणि रविवारचा तो वेळ ही त्यांची आठवड्यातील एकमेव जागा असते, जिथे त्यांच्या नावाने प्रार्थना होते. अर्धा तास उशिरा जा, पण घड्याळ पाहू नका.

इंग्रजी उपासनेत तुम्हाला बरे वाटले, यात अपराध कसला? ज्या भाषेत लहानपणी प्रार्थना शिकलो, तीत मन लवकर स्थिर होते. शिवाय आईची एक चूक तुम्ही हलकेच दुरुस्त करू शकता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्याही आल्या आणि पुण्यातील जुनी अँग्लिकन चर्चही. म्हणजे तुमच्या आईचे ‘आपले’ आणि कॅम्पातील ते ‘साहेबांचे’ चर्च गेली पन्नासहून अधिक वर्षे एकाच घरातील आहेत. महिन्यातून एक रविवार इंग्रजी उपासनेला द्या, तीन मराठीला द्या, आणि हे लपवू नका. मिस्साला मैत्रिणीबरोबर जरूर जा, मात्र कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभ्या राहू नका. ते कॅथलिकांसाठी असते, आणि बाकावर बसून राहिलात तर कोणालाही वावगे वाटत नाही.

राहिली आई. ती रडते ते तुम्ही इंग्रजी उपासनेला गेलात म्हणून, असे मला वाटत नाही. तिने देश सोडला तेव्हाचे देऊळ तिच्या मनात तसेच आहे, आणि तुम्ही तिच्या वतीने तिथे जाऊन बसाल अशी तिची समजूत होती. तुम्ही गेलात ते मात्र पुण्यातील अनोळखी माणसांच्या मंडळीत. तेव्हा एकदा खरोखरच नगरला जा. अहिल्यानगर नाव झाले तरी एसटी स्थानकावर नगर म्हटलेले अजून सगळ्यांना कळते, आणि अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. नाताळ टाळा, त्या गर्दीत तुम्हाला कोणी भेटणार नाही. एखादा साधा रविवार निवडा. जाण्यापूर्वी आईकडून तिचे माहेरचे नाव, आजोबांचे नाव आणि तिच्या बाप्तिस्म्याचे साल लिहून घ्या, आणि उपासनेनंतर तेथील पाळकांना मंडळीचे जुने नोंदणीपुस्तक दाखवाल का, असे विचारा. साल माहीत असले की शोधायला सोपे जाते. नोंद सापडली तर पाळकांना विचारून त्या पानाचा फोटो काढा आणि आईला त्याच दिवशी पाठवा.