निराधारचे पैसे जातील म्हणून नोकरी नाकारायची?

प्रश्न : मुलीच्या पायात जन्मापासून दोष आहे, सर्टिफिकेट ६० टक्क्यांचं. बी.कॉम. झाली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला २,५०० रुपये मिळतात. एका खासगी कंपनीत अकाउंट्सला १५,००० ची नोकरी मिळतेय, पण बसच्या पायऱ्या तिला चढता येत नाहीत, रिक्षालाच ३,००० जातील. शिवणकाम करून मी घर चालवते. सगळंच महागलंय. नोकरी घेतली की निराधारचे पैसे बंद. ओळखीचे एक जण म्हणाले, पगार रोख घ्यायला सांगा. काय करू? – एक आई

ताई, नोकरी घेऊ द्या.

तुमची भीती मात्र खोटी नाही. दिव्यांगांसाठी या योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, म्हणजे अख्ख्या घराचे महिन्याला चार हजार आणि वर थोडे. कुठलीही पूर्णवेळ नोकरी ही रेघ ओलांडणारच. रिक्षा, कॅलिपरची म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्टीची दुरुस्ती हे अपंगत्वाचे खर्च पगार सुरू झाला म्हणून थांबत नाहीत, उलट रोज बाहेर पडल्यावर वाढतात. तरी मदत नेमकी तेव्हाच थांबते. हा दोष योजनेचा आहे, तुमच्या मुलीचा नाही. राज्याने रक्कम १,५०० वरून २,५०० केली हे बरंच झालं. केंद्राचं अपंग निवृत्तिवेतन तर २०१२ पासून ३०० रुपयांवरच आहे, तेही ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर.

आता हिशेब. १५,००० मधून रिक्षाचे ३,००० गेले आणि पीएफ पूर्ण कापला, तरी दहा हजारांच्या आसपास हातात येतात. पीएफ तिच्याच नावावर साठतो, मालकही तेवढीच भर घालतो. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कंपनीला तो लागू असेल तर पगारातून पाऊण टक्का, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये कापून तिच्या उपचारांची सोय होते, आणि तिच्यावर अवलंबून असाल तर तुमचीही. इतरांना २१,००० पगारापर्यंत मिळणारा ईएसआय दिव्यांगांना २५,००० पर्यंत मिळतो, त्यामुळे पुढे थोडी पगारवाढ झाली तरी तो सुटणार नाही. होकार देण्याआधी पीएफ आणि ईएसआय दोन्हीबद्दल विचारून घ्या. ऑफिस कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू असते का, हेही. संकोच करू नका.

रोख पगाराचा सल्ला देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. पगार कागदावर नाही म्हणजे पीएफ नाही, ईएसआय नाही, अनुभवाचा दाखलाही नाही. शिवाय उत्पन्न लपवून घेतलेलं अनुदान उद्या वसुलीला निघू शकतं. त्यापेक्षा नोकरी लागल्याचं तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत लेखी कळवा आणि पोच घ्या. नोकरी सुटून उत्पन्न पुन्हा मर्यादेत आलं तर नव्याने अर्ज करता येतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पहिल्या काही पगारांतून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला, उत्पन्नाची अट नाही, ते राहतंच. त्याच्या जोरावर मी तिला या नोकरीवर थांबू देणार नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अस्थिव्यंगांच्या गटाला. बी.कॉम.वाल्या मुलीने सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षेपासून सुरुवात करावी. वयातही सवलत आहे, त्यामुळे नोकरी करत दोन-तीन वर्षं तयारी केली तरी गाडी चुकत नाही. जाहिरातीत त्या पदासाठी अपंगत्वाचा कोणता प्रकार चालतो ते आधी वाचायचं, मगच फॉर्म भरायचा. आणि तिचं सर्टिफिकेट कायमस्वरूपी आहे की मुदतीचं, ते आजच काढून बघा. मुदत संपत आली असेल तर नोकरीवर रुजू होण्याआधीच जिल्हा रुग्णालयातलं काम उरकून घ्या, नंतर रजा मिळवणं अवघड जाईल.